एकाचे की अनेकांचे? : इंग्रजी षष्ठी आणि मराठी अनुवादक



ग्रंथालयाच्या या व्याख्यानासाठी मला विषय विचारण्यात आला, तेव्हा “इंग्रजी नामांची षष्ठी : एकवचनी आणि अनेकवचनी” असे मी कळविले. चालकांना तो शाळेतल्या तासाचा विषय वाटला असावा. कारण त्यांनी मोठ्या नम्रपणे “अनुवादाचा आनंद” असा पर्याय सुचविला. आनंदाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला एका चुकीविषयी बोलावयाचे आहे, आणि ती चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी दक्षिणेतील तलावांवरच्या शेतीविषयीचे एक इंग्रजी पुस्तक मी मराठीत आणीत होते. तमिळनाडूत अशा तलावाला “एरी” म्हणतात. त्याचे पाणी शेतोशेती सोडणारा जो माणूस असतो तो “नीरकट्टी”. त्याच्या श्रमाचा मोबदला शेतकरी त्याला धान्याच्या रूपाने देत आले आहेत. पुस्तक माहितीने भरलेले होते आणि भाषा सरळ होती. अशाच पुस्तकात अनुवादक बेसावध होतो. एका प्रकरणात हंगामाच्या अखेरीस तलावात उरणाऱ्या पाण्याची चर्चा होती, आणि ते पाणी कोणाचा वाटा समजावे हे एका लहानशा वाक्यात सांगितले होते. मी लिहिले : “हे उरलेले पाणी म्हणजे शेतकऱ्याचा वाटा होय.” वाक्य कानाला बरे वाटले. मी पुढे गेले.

पुस्तक निघाल्यावर सुमारे वर्षाने इंदूरहून एका वृद्ध वाचकांचे पत्र आले. ते मूळचे धुळे जिल्ह्यातील. त्या भागात पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटून घेण्याची जुनी रीत आहे, आणि पाणी सोडण्याचे काम करणाऱ्या माणसाला तिकडे पाटकरी म्हणतात. तेव्हा नीरकट्टीची हकीकत या गृहस्थांना घरची वाटली होती. परंतु माझ्या त्या वाक्यापाशी ते अडले होते. त्यांनी लिहिले होते की, शेवटच्या पाण्यावर एकट्या शेतकऱ्याचा हक्क आहे असे आमच्या गावात कोणी म्हणाले असते, तर त्याच दिवशी बांधावर काठ्या निघाल्या असत्या. मूळ लेखकाला एक शेतकरी म्हणावयाचा आहे की सारे?

मी मूळ पुस्तक उघडले. तेथे शब्द होता “फार्मर”, त्यापुढे “एस” हे अक्षर होते आणि त्या अक्षराच्या पुढे, वरच्या अंगाला, एक बारीक चिन्ह होते. मी अक्षर पाहिले होते, चिन्हही पाहिले होते. त्या दोहोंत पहिले कोण आणि दुसरे कोण, एवढे मात्र पाहिले नव्हते.

त्या चिन्हाला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात. आपण त्याला वर टांगलेला स्वल्पविराम म्हणू. फळ्यावर मी जे शब्द लिहिले आहेत त्यांत इंग्रजी “एस” हे अक्षर मी “स्” असे दाखविले आहे. उच्चारात ते कधी “ज” होते, कधी “इज” होते. तो भाग वेगळा. पाहा : “बॉय’स्” म्हणजे मुलाचा, “बॉयस्’” म्हणजे मुलांचा. पहिल्यात चिन्ह आधी आणि अक्षर नंतर. दुसऱ्यात अक्षर आधी आणि चिन्ह नंतर.

नियम म्हणून एवढेच ध्यानात ठेवावे की, आधी मालकाचा शब्द पुरा लिहावा आणि मग चिन्ह घालावे. मालक एक असेल तर “बॉय” येथे शब्द पुरा झाला. त्यापुढे चिन्ह आणि “स्”. मालक अनेक असतील तर “बॉयस्” येथे शब्द पुरा झाला. त्याच्या अंती “स्” आधीच आहे, म्हणून पुढे नुसते चिन्ह. आणि ज्या शब्दांचे अनेकवचन “स्” न लावता होते त्यांना पुन्हा चिन्ह आणि “स्” हे दोन्ही लागतात : “मेन’स्” पुरुषांचे, “विमेन’स्” स्त्रियांचे, “चिल्ड्रन’स्” मुलांचे. दुकानांच्या पाट्यांवर “चिल्ड्रनस्’” असे जे दिसते ते या तिसऱ्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे. दोघांची मिळून एक वस्तू असेल तर इंग्रजी शेवटच्या नावालाच प्रत्यय लावते, “राम अँड श्याम’स् हाउस”; दोघांची घरे वेगळी असतील तर दोन्ही नावांना लावते. मराठीत पहिल्या ठिकाणी आपण “राम आणि श्याम यांचे घर” असे म्हणून मोकळे होतो. नियमांसाठी मी आपला आणखी वेळ घेत नाही. शाळेतल्या व्याकरणात ते सर्व आहेत, आणि मी ते शाळेत पाठही केले होते.

नियम पाठ असूनही चूक होते याचे एक कारण असे की, हा भेद इंग्रजीत केवळ डोळ्यांना दिसतो. “मुलगे”, “मुलाचा” आणि “मुलांचा” या तिन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द मोठ्याने वाचा. तिन्हींचा उच्चार “बॉइज” असाच होतो. इंग्रज माणसाच्याही कानाला त्यांत फरक करता येत नाही, तो संदर्भावरून समजून घेतो. अनुवादक पुष्कळदा डोळ्यांनी वाचतो आणि मनातल्या कानाने ऐकतो. त्या आतल्या कानाला चिन्ह ऐकू येत नाही. म्हणून इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचून मगच त्याचे मराठी करावे हा एरवी उत्तम असलेला उपदेश या एका बाबतीत घातक ठरतो.

मराठीत मात्र हा भेद कानालाही कळतो. “मुलाचा” आणि “मुलांचा”, “घराचे” आणि “घरांचे”, “नदीचा” आणि “नद्यांचा”. प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे जे सामान्यरूप होते, त्याच्या अनेकवचनावर आपण अनुस्वार देतो आणि तो उच्चारतोही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले गेले, तेव्हा न उच्चारले जाणारे कितीतरी जुने अनुस्वार लेखनातून गेले. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार राहिला, कारण तो काम करीत होता. इंग्रजी जे काम चिन्हाची जागा बदलून करते, ते मराठी डोक्यावरच्या एका टिंबाने करते. आपणांपैकी ज्यांचा रोजचा व्यवहार हिंदीत चालतो त्यांना “लडके का” आणि “लडकों का” यांतला फरक असाच परिचित आहे.

एवढ्यावरून मराठी माणसाने फुशारकी मारू नये. “दहा रुपयांची नोट” असे लिहावयाचे, आणि बोलताना आपण सर्रास “दहा रुपयाची नोट” म्हणतो. “दोन दिवसांची मजुरी” ही “दोन दिवसाची” होते. इंग्रजीतही हे प्रयोग तंतोतंत असेच आहेत : एका दिवसाची मजुरी असेल तर “डे’स्”, दोन दिवसांची असेल तर “डेस्’”. मजुरी दिवसाच्या मालकीची नसते हे उघड आहे. पण षष्ठी ही केवळ मालकीची विभक्ती नाही. डॉक्टरचे बिल डॉक्टरने द्यावयाचे नसते. स्त्रियांचे मासिक स्त्रियांच्या मालकीचे असतेच असे नाही. संस्कृत वैयाकरणांनी षष्ठीला कारकांत बसविले नाही, ते याच विचाराने : तिचा संबंध क्रियेशी नसतो, नामाचा नामाशी असतो, आणि तो संबंध कोणताही असू शकतो. इंग्रजी व्याकरणात या रूपाला “पझेसिव्ह”, म्हणजे स्वामित्वदर्शक, असे नाव पडले, त्याने विद्यार्थ्यांची उगाच दिशाभूल होते असे मला वाटते.

आता हे चिन्ह आले कोठून, ते थोडे पाहू. या इतिहासाने माझा त्या चिन्हावरचा राग पुष्कळ कमी झाला.

प्राचीन इंग्रजीत नामांना संस्कृतप्रमाणे विभक्तिप्रत्यय होते. पुष्कळ पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांच्या षष्ठीच्या एकवचनात “एस्” असा स्वरासह प्रत्यय लागे. इतर नामांना इतर प्रत्यय होते. कालांतराने बाकीचे झडून गेले आणि हाच प्रत्यय सर्वत्र पसरला. मग त्यातला स्वरही बहुतेक ठिकाणी गिळला गेला आणि नुसता व्यंजनाचा “स्” उरला. सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या अनुकरणाने अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली. फ्रेंचमध्ये तिचे काम आपल्या अवग्रहासारखे होते. “सोऽहम्” मधले ऽ हे चिन्ह जसे लुप्त झालेला “अ” दाखविते, तशी ती गळालेला स्वर दाखवी. इंग्रजी मुद्रकांनी ती प्रथम लोपाच्याच खुणेसाठी वापरली. षष्ठीतला स्वर गळालेला होता, म्हणून हळूहळू ती तेथेही बसू लागली.

हे एका दिवसात झाले नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा जो मोठा संग्रह १६२३ साली छापला गेला, त्यात “द विंटर्स टेल” आणि “अ मिडसमर नाइट्स ड्रीम” या नावांत आज आपण घालतो ते चिन्ह नाही. त्या काळी वाचकाचे त्यावाचून काही अडत नव्हते. एकवचनी षष्ठीत ते सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्थिरावले. अनेकवचनी षष्ठीत, “स्”च्या पुढे, ते अठराव्या शतकात आले. आणि गंमत अशी की, या दुसऱ्या ठिकाणी काहीच गळालेले नाही. तेथे ते लोपाची खूण नव्हे. केवळ वाचकाच्या डोळ्यांसाठी ठेवलेली खूण आहे. ज्या चिन्हाने मला फसविले ते असे शुद्ध सोयीसाठी निर्माण झालेले होते.

मध्यंतरी इंग्रजांची स्वतःचीही एक गोड फसवणूक झाली. “किंग’स्” मधला “स्” म्हणजे “हिज” या सर्वनामाचा संक्षेप, अशी समजूत पसरली. “राजा त्याचा मुकुट” अशा धाटणीची रचना सोळाव्या-सतराव्या शतकांत लेखनात सर्रास आढळते. बेन जॉन्सनचे नाटक १६०५ साली छापले गेले ते “सिजेनस हिज फॉल” या नावाने. १७११ साली ॲडिसनसारख्या जाणत्या गद्यकारानेही “स्” हा “हिज”चाच अवशेष मानला. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशासोबत जे व्याकरण दिले, त्यात या कल्पनेला साधी शंका विचारली : मग स्त्रीवाचक शब्दांनाही हाच “स्” कसा लागतो? स्त्रीच्या सौंदर्याला “त्याचे” कोण म्हणेल? या एका प्रश्नाने ती कल्पना कोसळली. चिन्ह मात्र तोपर्यंत पक्के बसले होते.

सर्वनामांनी ते शेवटी नाकारले. “इट्स” या षष्ठीच्या रूपात आज चिन्ह घातले तर शिक्षक तांबडी रेघ ओढतात, कारण चिन्हासह त्याचा अर्थ “ते आहे” असा होतो. पण १७८७ साली लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत एके ठिकाणी षष्ठीच्या अर्थी हा शब्द चिन्हासह आहे. तेव्हा विद्यार्थ्यांवर रागावताना थोडी दया दाखवावी. लंडनच्या भुयारी रेल्वेत “अर्ल’स् कोर्ट” हे स्थानक चिन्हासह आहे, आणि जवळच “बॅरन्स कोर्ट” हे चिन्हावाचून. अमेरिकेत तर भौगोलिक नावांच्या मंडळाने १८९० पासून नकाशांवरच्या नावांतून हे चिन्ह काढून टाकण्याचे धोरण ठेवले. “मार्था’स् व्हिनयार्ड” या बेटासारखे थोडेच अपवाद त्यातून सुटले.

हे वाचून कोणी म्हणेल, मग जेथे इंग्रजच इतके सैल आहेत तेथे आम्ही कशाला डोळे फोडावेत? पाट्यांवर आणि नकाशांवर हा सैलपणा खपतो, कारण बॅरन एक होता की अनेक याने प्रवाशाचे काही बिघडत नाही. सर्वत्र तसे नसते.

२०२० साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात एका व्यक्तीने समाजमाध्यमावर घरांच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या दुसऱ्याविषयी चार ओळी लिहिल्या. हा गृहस्थ लक्षावधींची घरे विकतो, पण आपल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीची रक्कम देत नाही, असा त्यांचा आशय होता. आशय सांगताना मी “कर्मचाऱ्यांच्या” म्हटले. पण नेमका प्रश्न तोच आहे. मूळ मजकुरात “एम्प्लॉयीस्” असा शब्द होता आणि चिन्ह कोठेच नव्हते. लिहिणाऱ्याचे म्हणणे असे की, आपण स्वतःपुरते, एका कर्मचाऱ्याविषयी लिहिले. बदनामीचा दावा झाला. २०२१ साली न्यायाधीशांनी तो प्राथमिक टप्प्यावर काढून टाकण्यास नकार दिला. एका कर्मचाऱ्याचे देणे थकले तर ती दुर्दैवाची गोष्ट म्हणता येईल. अनेकांचे थकले तर त्यात हेतू दिसतो, आणि चिन्हावाचून ते वाक्य अनेकांविषयीचे वाटू शकते, अशी त्यामागील विचारसरणी होती. मराठीत हे वाक्य लिहिणाऱ्याला “कर्मचाऱ्याची” की “कर्मचाऱ्यांची” हे लिहितानाच ठरवावे लागले असते. टिंब न देणे म्हणजेही एक उत्तर देणेच आहे. इंग्रजीत चिन्ह गाळणाऱ्याने काहीच उत्तर दिलेले नसते, आणि तेथेच वकिलांना जागा मिळते.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. आफ्रिकेतील देशांनी १९८१ साली मानवी हक्कांविषयी जी सनद स्वीकारली, तिच्या इंग्रजी नावात “पीपलस्’” असा शब्द आहे, चिन्ह शेवटी. “पीपल” हा शब्द मुळात अनेकवचनी आहे. “पीपल’स्” म्हणजे लोकांचे, जनतेचे. मग त्याला पुन्हा “स्” लावून चिन्ह पुढे का नेले? कारण येथे लोक नव्हे, लोकसमूह अभिप्रेत आहेत. एकेका माणसाच्या हक्कांबरोबर, वसाहतींच्या राज्यातून बाहेर पडलेल्या समग्र जनसमुदायांचे हक्क ही सनद सांगते : स्वतःचे भवितव्य स्वतः ठरविण्याचा हक्क, आपल्या नैसर्गिक संपत्तीवरचा हक्क. “मानवी हक्क आणि जनतेचे हक्क” असे या नावाचे मराठी कोणी केले तर ते ऐकावयास छान वाटेल आणि चुकलेले असेल. “जनता” हा आपला शब्द एकवचनी आहे. तो घातला की पुष्कळ समुदायांची एकच जनता होऊन जाते. “जनसमुदायांचे हक्क” असे म्हटले पाहिजे, टिंबासह.

येथवर मी इंग्रजीकडून मराठीकडे येण्याच्या वाटेविषयी बोलले. उलट्या वाटेवर वेगळा खड्डा आहे, आणि तो मराठीने खणलेला आहे. आपले टिंब दोन कामे करते. ते संख्या सांगते आणि आदरही सांगते. “आईचा हात”, परंतु “वडिलांचा हात”. “आजीची काठी”, परंतु “आजोबांची काठी”. “विठोबाची मूर्ती”, पण “ज्ञानेश्वरांची समाधी”. देवाला आणि आईला आपण एकवचनात ठेवतो, कारण त्यांच्याशी सलगी आहे. वडिलांना आणि संतांना बहुवचन देतो. इंग्रजीतून “फादर’स्” आला की आपण न सांगता टिंब देतो, आणि ते बरोबरच आहे. मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र प्रत्येक टिंबापाशी थांबून विचारावे लागते : बाबा रे, तू अनेक आहेस की थोर आहेस?

पुण्यात १८४८ साली मुलींसाठी जी शाळा सुरू झाली तिच्याविषयी मराठीत आपण “फुल्यांची शाळा” म्हणतो. या शब्दात कोण आहे? जोतीराव एकटे, आदरार्थी बहुवचनात? की जोतीराव आणि सावित्रीबाई, असे दोघे, संख्येने बहुवचनात? मराठी वाक्याला हा प्रश्न कधी पडत नाही. दोन्ही अर्थ एकाच टिंबाखाली सुखाने नांदतात, आणि ज्याला जो घ्यावयाचा तो घेतो. इंग्रजी करणाऱ्याला मात्र लेखणी उचलून निवड करावी लागते. “फुले’स् स्कूल” लिहिले तर शाळा एकट्याची झाली, आणि वाचक तो एकटा म्हणजे जोतीराव असेच समजणार. “फुलेस्’ स्कूल” लिहिले तर ती दोघांची झाली. ज्या शाळेत सावित्रीबाईंनी स्वतः शिकविले, तिच्याविषयीच्या वाक्यात चिन्ह एक अक्षर अलीकडे सरकले की त्या वाक्यातून बाहेर जातात. यात अनुवादकाचा काही दुष्ट हेतू असतो असे नाही. तो व्याकरणाप्रमाणे, आदरार्थी बहुवचनाचे इंग्रजीत एकवचन करतो आणि निश्चिंत होतो. माझ्या मते येथे आधीचा-नंतरचा मजकूर पाहून जेथे दोघांचे कार्य अभिप्रेत असेल तेथे न भिता अनेकवचनी षष्ठी वापरावी. त्याच शाळेचे वर्णन करताना “मुलींची” या शब्दासाठी “गर्लस्’” असे चिन्ह शेवटी येते, हे सांगावयास नकोच.

“स्” ने संपणाऱ्या आपल्या नावांची आणखी एक अडचण आहे, ती ओझरती सांगते. रामदासांच्या ग्रंथाविषयी इंग्रजीत लिहिताना “रामदास’स्” लिहावे की “रामदास’” एवढेच? अमेरिकेतील वृत्तसंस्थांची लेखनपद्धती नुसते चिन्ह पुरे मानते. तेथीलच ग्रंथप्रकाशनाची शिकागो पद्धती पुढे “स्” ही घालावयास सांगते. दोहोंपैकी एक धरावी आणि पुस्तकभर सोडू नये. मी “स्” घालणाऱ्यांच्या बाजूची आहे, कारण नुसते चिन्ह पाहिले की “रामदा” नावाचे अनेक गृहस्थ असावेत असे मला उगाच वाटते.

एकदा समासाची पळवाटही पाहू. अमेरिकेत “मदर’स् डे” सुरू करण्यासाठी झटणाऱ्या ॲना जार्व्हिस या बाईंचा आग्रह होता की चिन्ह “स्”च्या आधीच हवे. जगातल्या साऱ्या मातांचा हा दिवस नव्हे; ज्याने त्याने आपल्या एका आईला स्मरावे असा त्यांचा भाव. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्या दिवसाची घोषणा केली तीही एकवचनी रूपाने. आपण त्याचे “मातृदिन” केले आणि वादच मिटविला. समासात विभक्तीचा प्रत्यय जातो, आणि त्याच्याबरोबर वचनही जाते. बालदिन, शिक्षकदिन, कामगार दिन : बालक किती, शिक्षक किती, कोणी विचारत नाही. इंग्रजीला “टीचरस्’” की “टीचर’स्” हे दर वर्षी ५ सप्टेंबरला फलकावर लिहावे लागते आणि दर वर्षी निम्मे फलक चुकतात. अनुवादकाला शंका असेल तेव्हा तो समासाचा आश्रय घेतो. मीही घेते. त्या तलावाच्या पुस्तकात मी “शेतकरी-वाटा” असा काहीतरी जोडशब्द केला असता, तर इंदूरचे पत्र कदाचित आलेच नसते, आणि पाणी कोणाचे हे वाचकाला कधी कळलेही नसते.

त्या पत्राला मी उत्तर पाठविले : चूक माझी, मूळ लेखकाची नव्हे, वाटा साऱ्या शेतकऱ्यांचा आहे. पुढील आवृत्तीत टिंब पडले. त्या आवृत्तीची प्रत मी त्यांना पाठविली, तेव्हा त्यांचे दुसरे पत्र आले. पहिल्या दुरुस्तीबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले होते आणि खाली नवी शंका लिहिली होती. दुसऱ्या एका प्रकरणात मी “नीरकट्ट्यांचा धान्याचा हिस्सा” असे लिहिले होते. एका तलावावर किती नीरकट्टी असतात, असे त्यांनी विचारले होते. का तुम्ही त्या माणसाला मान म्हणून अनुस्वार दिला आहे?

मी पुन्हा मूळ पुस्तक काढले. या वेळी प्रथम चिन्ह पाहिले. ते “स्”च्या आधी होते. त्या प्रकरणात एकाच गावच्या एकाच नीरकट्टीची हकीकत होती; वयाने मोठा माणूस, म्हणून माझ्या हातून आपोआप आदरार्थी रूप गेले होते. मी त्यांना तसे कळविले, आणि अनुस्वार ठेवावा की काढावा याविषयी त्यांचेच मत विचारले. त्यांनी कार्डावर दोनच ओळी लिहिल्या : पाणी सोडणाऱ्याला आमच्याकडेही अहोजाहो करतात, तेव्हा राहू द्यावा, मात्र त्या वाक्यात आधी “एका” हा शब्द घालावा, म्हणजे हिशेब चुकणार नाही.